रंग उतरवायचा राहिला

लातुरात गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत अंजूचा फोटो स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हणायचं आपलं. एक काचेचं काउंटर, एक कॉम्प्युटर आणि पडद्यामागं डबा खायला हातभर जागा. तिचं मुख्य काम मेलेल्यांचं. लोक आधार कार्डावरचा टीचभर फोटो घेऊन येतात आणि म्हणतात, आमच्या दादाला कोट घाला, फेटा बांधा, मागं ढग टाका. अंजू घालते, बांधते. ज्यानं जन्मात कोट अंगाला लावला नाही, तो भिंतीवर साहेब होऊन बसतो.

हे काम आधी तिचा नवरा वीरेश करायचा. मोठा टापटिपीचा माणूस. एसटीचं तिकीटसुद्धा चौघडी घालून खिशात ठेवायचा. चार वर्षांपूर्वी कोरोनात गेला आणि माउस हिच्या हातात आला. आता बघा, गावभरच्या मयतांचे फोटो हिनं केले, पण वीरेशसाठी ठोकलेला खिळा दुकानात रिकामाच होता. त्याचा फोटो उघडला की हिचा हातच चालत नसे.

तर एका मंगळवारी सकाळी औशाहून शिवकांताबाई आल्या. वय चौऱ्याऐंशी, कपाळाला विभूती, काठी टेकत, रिक्षावाल्याला चार शब्द सुनावत. पिशवीतून त्यांनी जुनेराच्या फडक्यात गुंडाळलेला फोटो काढला. रंगवलेला पडदा, त्यावर कारंजं आणि दोन मोर. पुढं कठड्याला रेलून एक बाई उभी. नऊवारी, नाकात नथ, कपाळावर चंद्रकोर, मनगटभर बांगड्या, मान जराशी कलती.

"लई देखणी हाय," अंजू म्हणाली. "आई का तुमची?"

"बाप हाय माझा."

अंजूनं फोटो पुन्हा उजेडात धरला.

निजामाच्या राजवटीत गावोगाव फिरणारी एक नाटक कंपनी होती. बायका रंगमंचावर येत नसत, म्हणून नायिका व्हायचा बाईंचा बाप, गुरुबसप्पा. त्याचे असे फोटो लोक पानाच्या ठेल्यात आरशाशेजारी लावायचे. पण गुरुबसप्पाचा गुरुबसप्पा म्हणून फोटो कोण काढणार? तसल्या माणसाला विचारतो कोण? शिवकांता तीन महिन्यांची असताना तो धर्माबादच्या मुक्कामात दोन अंकांच्या मध्ये छातीत कळ येऊन गेला.

"तसाच पुरला त्याला," बाई म्हणाल्या. "तोंडाला सफेदा, ओठाला लाली. कुणी पुसलं बी न्हाई. कंपनीतला एक जण सांगत आला, तवापासून माझी आई रोज दिवेलागणीला उंबऱ्यात खोबरेलाची वाटी अन् चिंधी ठेवायची. त्याला रंग उतरवायचा असंल म्हणून. ती गेली, मग मी ठेवत आले."

"मग... उतरवतो का?"

"तेल कमी व्हायचं. मांजर पीत असंल, मला काय ठावं! चिंधी हमेशा कोरीच."

काचबिंदूनं बाईंचा एक डोळा कधीच गेला होता. दुसऱ्याचं ऑपरेशन शुक्रवारी. डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं होतं, राहिली नजर तर राहिली.

"लोकांनी बाईच म्हणून हिणवलं माझ्या बापाला. मला एकडाव त्याचं तोंड बघायचंय, बेटा. नथ काढ, कुंकू काढ, इभूती लाव. माझा डोळा हाय तवर."

असं कुणी म्हटल्यावर नाही कोण म्हणेल?

बुधवारी अंजू कामाला लागली. नथ निघाली, अंबाडा निघाला, बांगड्या निघाल्या. कुंकवापाशी हात थांबला. वीरेश गेला त्या दिवशी नणंदेनं ओल्या पदरानं हिचं कुंकू पुसलं होतं. लिंगायत धर्मात असलं काही नाही म्हणतात, पण त्या वेळी कोण ऐकतं? अंजूनं डोळे मिटले आणि माउस दाबला.

सगळं निघालं, पण तोंड काही येईना. रंगाखालचं कातडं फोटोत नव्हतंच, ते कॉम्प्युटर मनानं भरायचा. एकदा शो-रूमच्या जाहिरातीतला पोरगा निघाला, एकदा कुण्या पुढाऱ्यासारखा. जगात नसलेल्या माणसाला बाप म्हणून त्या म्हातारीच्या हातात कसं द्यायचं? गुरुवारी दुपारी अंजूनं केलेलं सगळं काम पुसलं आणि मूळ फोटो पुन्हा स्क्रीनवर आणला. ती बाई मान कलती करून बघत होती. तेवढ्यात वीज गेली.

लातूरच्या उन्हाळ्यातली दुपार ती. गल्लीत चिटपाखरू नाही. यूपीएस थोडा वेळ कण्हला आणि बंद पडला. अंजूनं उन्हासाठी शटर अर्धं ओढलं. मग तिच्या काय मनात आलं कोण जाणे, पर्समधली डोक्याला लावायच्या तेलाची बाटली काढली, डब्याच्या झाकणात थोडं ओतलं आणि स्क्रीन पुसायच्या कोऱ्या फडक्यासकट काउंटरवर ठेवलं. स्वतःशीच म्हणाली, "येडी झालीस गं तू, अंजे." आणि पडद्यामागं जेवायला बसली.

पहिला घास हातातच राहिला. बाहेर खुर्ची करकरली.

शटर वर गेल्याचा आवाज झाला नव्हता. मग काचेवर काहीतरी किणकिणलं. बांगडी ठेवल्यासारखं. थोड्या वेळानं दुसरी. मग तिसरी... कुणीतरी एकेक उतरवून नीट मांडत होतं, घाई नव्हती. अंजूचे हात तर चार वर्षांपासून मोकळे होते. खोबरेलाचा वास पडद्याच्या आत आला, आणि त्यामागून उग्र, जुनाट, पत्र्याच्या पेटीत कोंडलेल्या कपड्यांचा वास.

"आरसा...?" कुणीतरी हळूच विचारलं. पुरुषाचा आवाज, थकलेला.

अंजू बोलली, पडदा न सारता. "समोर हाय... त्या स्क्रीनच्या काळ्या काचेत बघा."

मग कितीतरी वेळ फडकं फिरत राहिलं. पुसणारा मध्येच थांबे, सुस्कारा सोडे, पुन्हा पुसे. अंजूला भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू, पण त्या सुस्काऱ्यानं रडूही येत होतं. पंखा गरगरला तेव्हा तिला कळलं, वीज आली आहे.

दुकानात कुणी नव्हतं. काउंटरवर बांगडी नव्हती. झाकण कोरडं होतं आणि फडकं पांढऱ्या-गुलाबी रंगानं भरलं होतं. तिनं कॉम्प्युटर लावला, फोटो उघडला. कारंजं होतं, मोर होते. कठड्याला रेलून बाविशीचा एक पोरगा उभा होता. गालावर देवीचे वण, जरा पुढं आलेले कान, डोळ्यांखाली जागरण. उघड्या गळ्यात इष्टलिंगाचा दोरा. तो दोरा मूळ फोटोत कुठंच दिसत नव्हता. केलेला बदल मागं घ्यायचं बटण अंजूनं तीनदा दाबलं. मागं काहीच नव्हतं. फेटा तिनं बांधला नाही. फक्त कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढले आणि प्रिंट काढली.

शुक्रवारी सकाळी शिवकांताबाई दवाखान्यात जायच्या आधी आल्या. फोटो डोळ्याला भिडवून इतका वेळ बघत राहिल्या की बाहेरचा रिक्षावाला दोनदा हॉर्न वाजवून गप्प झाला.

"कान माझे हायत," त्या म्हणाल्या. मग त्यांचा आवाज फुटला. "किती ल्हान हाय गं माझा बाप... माझ्या नातवापेक्षा बी ल्हान."

बोटं फोटोवरून फिरवून त्यांनी ती हुंगली. अंजूकडं पाहिलं.

निघताना त्यांचं लक्ष भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडं गेलं. "तुझ्या मालकाचं तोंड बघितलं व्हतंस का शेवटी?"

"न्हाई," अंजू म्हणाली. "नाकातोंडाला मास्क होता, वरून प्लास्टिक. लांबूनच दाखवलं."

"म्हंजी त्याचं बी काढायचं राहिलं की."

अंजूनं खिळ्याकडं पाहिलं.

"काय ठेवायचं ते तुला ठावं. ठेव, अन् बघत बसू नको," म्हातारी म्हणाली आणि काठी टेकत रिक्षात जाऊन बसली. ऑपरेशनचं पुढं जे व्हायचं ते झालं. पण त्या डोळ्यानं बघायचं ते बघून घेतलं होतं.

त्या संध्याकाळी दिवेलागणीला अंजूनं घराच्या उंबऱ्यात तांब्याभर पाणी ठेवलं. शेजारी वीरेशचा दाढीचा आरसा आणि त्याचा नॅपकिन. दार लावलं आणि देवाचं नाव घेत पडून राहिली. झोप कसली लागते!

शनिवारी उजाडताच तिनं दार उघडलं. तांब्या अर्धा झाला होता. नॅपकिन दाराबाहेरच्या दांडीवर पिळून वाळत घातलेला होता. आरशाखाली एक निळा मास्क होता, चौघडी घालून, दोऱ्या आत दुमडून ठेवलेला. तिनं तो उचलून उलगडला. आतून तो अजून ओलसर होता, आणि कोमट.