बाकाची उजवी बाजू

त्याची-माझी पहिली भेट जहाजाच्या सामानाच्या लिफ्टमध्ये झाली, आणि भेट होते न होते तोच भांडण.

मी शिवून, इस्त्री करून, घड्या घातलेल्या टेबलक्लॉथची गाडी ढकलत आत शिरले. मागोमाग पिठाने माखलेला एक उंच माणूस शिरला. हातात पावांचा तापलेला ट्रे. आणि तो ट्रे त्याने — अगदी घरच्यासारखा — माझ्या पांढऱ्याशुभ्र घड्यांवर टेकवला.

"हे फडताळ वाटलं का तुम्हाला?"

"हात भाजला हो."

"मग माझी कापडं भाजू देत. तुमचे हात महत्त्वाचे."

त्याने घाईघाईने ट्रे उचलला. वरच्या कापडावर तपकिरी चौकोन उमटला होता. तो त्या चौकोनाकडे बघत राहिला, मग माझ्या कॉलरला टोचलेल्या टाचण्यांच्या रांगेकडे, मग माझ्याकडे.

"आत्ता कळलं," तो म्हणाला, "सगळे तुम्हाला टाचणी का म्हणतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या शिलाई मशीनवर रुमालात गुंडाळलेला एक पाव होता. अजून ऊन. मी तो रागारागाने खाल्ला. फार छान झाला होता, आणि त्याचाच जास्त राग आला.

क्रूझच्या जहाजावर पाहुण्यांना सगळं दिसतं, समुद्र दिसतो, सूर्यास्त दिसतो. आम्हाला दिसतात एकमेकांचे गणवेश. मी ते शिवायची, उसवायची, आत-बाहेर करायची. तो रात्रभर पाव भाजायचा. त्याचा दिवस संपायचा तेव्हा माझा उजाडायचा. मधे जी थोडी फट होती, त्या फटीत तो एप्रन घेऊन यायचा. एप्रनचा खिसा रोज फाटलेला.

"हा तुम्ही मुद्दाम फाडता."

"मुद्दाम नाही. मनापासून."

मी मान खाली घालून टाके घालायची. हसू आलं की दातात टाचणी धरायची, म्हणजे हसता येत नाही. हळूहळू 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कुणी केलं, कळलंच नाही. खिसा मात्र फाटतच राहिला.

त्याचा करार संपत आला होता. पुढच्या मोठ्या बंदरात तो कायमचा उतरणार होता. माझे अजून कितीतरी महिने बाकी. त्या मोठ्या बंदराआधी वाटेत एक लहानसं बंदर होतं, जिथे जहाज जेमतेम अर्धा दिवस थांबायचं. तेवढाच काय तो दिवस आमच्या दोघांच्या वाट्याला येणार होता.

"धक्का संपला की लगेच चढ," तो सांगायचा. "वर एक मोठं झाड आहे. झाडाखाली बाक. आधी कॉफी प्यायची, घसरत नाही अशा कपातून. मग गल्ल्यांतून उगाच भटकायचं. मग बाकावर बसायचं. मग मी तुला एक विचारणार."

"आत्ता विचार की."

"हलत्या जमिनीवर नाही विचारायचं ते."

मी किती साधी. इतकी वाट मी आजवर कशाचीच पाहिली नव्हती.

आणि मग माझ्या नावाने राखण लागली.

राखण म्हणजे काय, तर जहाज बंदराला लागलं तरी ते पूर्ण रिकामं ठेवता येत नाही. आग लागली, पाणी शिरलं, तर धावायला माणसं हवीत. म्हणून दर बंदराला काही जण गळ्यात लाल बिल्ला घालून मागे राहतात. आमच्या कपडेखोलीतून कुणी राहायचं ते मावशी ठरवायच्या. मावशी म्हणजे आमच्या प्रमुख. मनाने लोणी, पण कान बंद.

"मावशी, या बंदराला मला का लावलंत?"

"अगं, तू कुठे उतरतेस कधी? त्या दोघींना घरी फोन लावायचाय, लेकरं आहेत त्यांची."

"मला विचारलं असतंत तर..."

"त्यात काय विचारायचं?"

हेच. माझ्या आयुष्याला हेच वाक्य चिकटलेलं आहे. या नोकरीचा अर्ज दादाने परस्पर भरला, माझ्या भल्यासाठी. मी निघतेय हे आईने आधी सगळ्या नातेवाइकांना सांगितलं, मग मला. वहिनीने माझी बॅग भरली आणि माझी लाडकी पिवळी ओढणी काढून ठेवली, म्हणे तिकडे कुठे घ्यायला वेळ मिळणार. ती मी परत कोंबली. सगळी माणसं प्रेमळ. एकही वाईट नाही, म्हणून तर भांडताही येत नाही. पण कुणी, कधीतरी, एकदा तरी विचारावं ना.

सकाळी तो एप्रन घेऊन आला तेव्हा मी त्याला सांगितलं. आवाज कापत होता, तो रागाने, असं मी स्वतःला बजावलं. त्याने ऐकून घेतलं, एप्रनची घडी घातली आणि म्हणाला, "बघू."

बघू! काय बघू? मला त्या दोन अक्षरांचासुद्धा संताप आला.

बंदर लागलं त्या सकाळी मी बिल्ला घ्यायला उतरण्याच्या दाराशी गेले. दारावरचे पहारेकरी काका चष्मा पुसत बसले होते.

"तुझा बिल्ला गेला," ते म्हणाले. "तुझी राखण दुसऱ्याने घेतली. तू मोकळी. जा, फिरून ये."

"कुणी घेतली?"

"तुझ्या पाववाल्याने. काल येऊन बदली करून गेला. म्हणाला, तिला सांगू नका, खूश होऊ दे."

मी तिथेच उभी राहिले. मागून कुणीतरी "चला ना" म्हणालं, तरी हलले नाही.

"परत बदला," मी म्हणाले.

"एकदा बदललेली राखण पुन्हा बदलत नाहीत, पोरी. नियम आहे."

"कुठे आहे तो?"

"गस्तीवर. अख्ख्या जहाजात शोधशील, तेवढ्यात दिवस जाईल. भांडायचंय की उतरायचंय ते ठरव."

म्हणजे त्याने आमचा एकुलता एक दिवस उचलला आणि मला भेट म्हणून देऊन टाकला. दोघांचा होता तो. अर्धा माझा होता. मला विचारलं? नाही विचारलं. त्याचीही गत दादासारखीच, आईसारखीच. माझ्या भल्यासाठी.

"उतरते," मी म्हणाले. "बघाच तुम्ही."

ओढणी गळ्याभोवती आवळली आणि जहाजाची शिडी उतरून धक्क्यावर आले. पायाखाली काही हललं नाही. इतक्या महिन्यांनी हलत नाही अशी जमीन, आणि मला गरगरलं.

ठरलं होतं ते सगळं मी केलं. आणि सूड म्हणून प्रत्येक गोष्ट दोनदा केली. एकदा माझ्यासाठी, एकदा त्याच्यासाठी. गाडीवरच्या बाईंकडे दोन कॉफ्या मागितल्या.

"कुणी यायचंय का?" बाईंनी विचारलं.

"यायचा होता. जहाज राखतोय."

"मग दुसरी गार होईल."

"होऊ दे. त्याची तेवढीच लायकी आहे."

बाई हसल्या, आणि दुसऱ्या कपावर बशी झाकून दिली. मी दोन्ही प्यायले. त्याची गार झाली होती, तरी शेवटच्या घोटापर्यंत प्यायले. मग गल्ल्यांतून भटकले. खिडकीत लोळणारं मांजर, दोरीवर वाळणारे चिमुकले मोजे, कुणाच्या तरी घरातून येणारा कांदा परतल्याचा वास... प्रत्येक वेळी मान आपोआप वळायची, "बघ" म्हणायला. तिथे कुणी नसायचं. मग परत राग.

झाड खरंच मोठं होतं. बाकाच्या उजव्या बाजूला दाट सावली, डावीकडे उन्हाचा पट्टा. मी उजवीकडे बसले. मग उठून डावीकडे बसले, त्याला काय दिसलं असतं ते बघायला. समोर जहाज दिसत होतं. ते अख्खं, बाहेरून, मी कधी नीट पाहिलंच नव्हतं. आणि सगळ्यात वरच्या मजल्यावर काहीतरी पांढरं फडफडत होतं. कुणीतरी माझे टेबलक्लॉथ वर वाळत घातलेत, मीठ लागणार आता सगळ्यांना. त्याचाही राग आला.

मग मी पुन्हा उजवीकडे सरकले आणि डावीकडच्या रिकाम्या जागेला धरून झोडपलं. वाटेने जाणारे एक आजोबा थांबले, मी गप्प झाले, ते गेले, पुन्हा सुरू केलं. एक-एक करून सगळं संपलं. लिफ्ट, ट्रे, तपकिरी चौकोन, बघू. शिव्या संपल्यावर जे उरलं, ते अगदी हळू म्हणाले. झाडालाही ऐकू गेलं नसेल.

जहाजाचा भोंगा झाला. मी पळत निघाले.

कपडेखोलीत तो आधीच येऊन बसला होता. डोळे झोपेने लाल, नाक उन्हाने लाल, मांडीवर एप्रन. या वेळी खिसा धड होता. खांद्यावरचा बंद तुटला होता.

"कसा होता दिवस?" त्याने विचारलं. चेहरा असा, जणू शाबासकी मिळणार आहे.

"घाण होता."

चेहरा पडला. "तुला झाड बघायचं होतं ना?"

"मला झाड तुझ्यासोबत बघायचं होतं. एवढं कळत नाही? नुसतं झाड बघायला मी कशाला जीव टाकला असता? मला विचारायचं होतंस. मी म्हणाले असते, दोघंही राहू. रिकाम्या जहाजावर मी तुझ्या मागे मागे गस्त घातली असती. पण विचारणार कोण? सगळ्यांना माझं भलं आधीच माहीत असतं."

मी त्याच्या मांडीवरचा एप्रन हिसकावून घेतला आणि सुई ओवली.

"आणि हा बंद कशाने तुटला? नवा लावला होता मी."

"हलवून हलवून."

"काय?"

"वरून बाक दिसतो," तो म्हणाला. "पिवळी ओढणी लांबूनही कळते. मी एप्रन काढून हलवत होतो. तू एकदाही हात नाही केलास."

सुई बोटात घुसली. मी बोट तोंडात घातलं, म्हणजे काही बोलायला नको.

"मग मला वाटलं, ओळखलं नसेल. तू बराच वेळ बोलत होतीस, बाजूच्या जागेशी."

"शिव्या देत होते तुला."

"हातवाऱ्यांवरून कळलं ते. पण शेवटी हात थांबले होते." तो पुढे वाकला. "शेवटी काय म्हणालीस?"

"आधी तू सांग. काय विचारणार होतास?"

"इथे जमीन हलते."

"हलू दे."

त्याने हात पुसले, कोरडे असूनही.

"माझ्या बहिणीच्या घराला लागून एक खोली आहे. तिथे भट्टी टाकायची म्हणतोय. तुझा करार संपेल तेव्हा... तू पुन्हा जहाजावर ये, शिवणाचं दुकान काढ, काहीच करू नकोस — ते तू ठरव. मला एवढंच विचारायचंय. तू जे काही ठरवशील, त्यात मी असलो तर चालेल का?"

इतक्या वर्षांत मला कुणीतरी काहीतरी विचारलं, आणि मी मान खाली घालून टाके घालत राहिले. डोळे भरले, त्याचाही राग आला.

"बोल ना काहीतरी," तो म्हणाला. "शिवी दिलीस तरी चालेल."

"बाकाची उजवी बाजू माझी."

"आणि मी?"

"डावीकडे. तिथे ऊन लागतं."

"चालेल."

"चालेल काय? मी कुठे विचारलं अजून तुला?"

तो हसायचा थांबला. "मग विचार."

मी शेवटचा टाका घातला, दातांनी दोरा तोडला, आणि बाकावर रिकाम्या जागेला जे हळूच म्हणाले होते तेच, या वेळी ऐकू जाईल असं म्हणाले, "माझ्याजवळ बसशील? कायमचा?"

जहाज सुटलं. कात्री टेबलावरून जराशी सरकली. त्याने कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, खोलीला वळसा घालून आणलं, आणि माझ्या डावीकडे येऊन बसला.