डिंगोऱ्याच्या बांधावरचा कॅमेरा

जुन्नरच्या पेठेत प्रितमचं कापडाचं दुकान होतं, पण थंडी पडली की त्याचं चित्त गिऱ्हाइकात नसे. अमावास्येच्या सुमाराला जेवण उरकून तो व्हॅन काढी आणि डिंगोऱ्याला कुंडलिकच्या शेतात जाई. तिथे बांधावर तो आपलं घरगुती यंत्र मांडी: बिजागरीने जोडलेल्या दोन फळ्या, वरच्या फळीवर कॅमेरा, खाली एक लांब स्क्रू. आकाश सरकेल तसा तो स्क्रू हाताने एका लयीत फिरवत राहायचा. लय चुकली की ताऱ्यांच्या रेघा उमटत. मृगातल्या तेजोमेघासाठी त्याने दोन हिवाळे जिवाचा आटापिटा केला होता, आणि हाती आल्या होत्या त्या रेघाच.

अठ्ठ्याण्णवच्या डिसेंबरात तर कहर झाला. शटर उघडं ठेवून तो जरा उबेला म्हणून गाडीत बसला आणि त्याचा डोळा लागला. दचकून उठला तेव्हा स्वतःवरच चडफडला. पण पुण्याहून फोटो धुऊन आले, तर एकेक तारा मोहरीसारखा नेटका! आणि मधोमध तेजोमेघ, गुलाबी, पिंजलेल्या कापसासारखा.

पुढच्या खेपेला कुंडलिक रातच्या लायटीवर गव्हाला पाणी देत होता. प्रितमला बघून तो बांधावर आला.

"शेठ, राग मानू नका. मागल्या टायमाला तुमी गाडीत निजला आन् वैनींना यंत्रापाशी बसवलं. लई गारठा व्हता राव. च्या आणू का म्हनलं, तर त्यांनी मान सुदिक वर केली नाय."

त्या रात्री रिद्धी, त्याची बायको, जुन्नरला घरी तापाने फणफणत होती.

यंत्र न मांडताच तो परतला. ऐकून रिद्धी हसली नाही. "पुढच्या वेळी मी येते," एवढंच म्हणाली.

फेब्रुवारीत दोघं गेली. हवेत ओल्या मातीचा आणि कांद्याच्या पातीचा वास होता. प्रितमने शटर उघडलं, स्क्रू थोडा वेळ फिरवला आणि हात काढून घेतला.

स्क्रू थांबला नाही.

कुणी बाळाला थोपटावं तसा, हळूहळू, तो फिरत राहिला. प्रितमला पळून जावंसं वाटलं, आणि जन्मभर इथेच बसून राहावंसंही वाटलं. वर तारे होते, खाली तो बारीक किरकिर आवाज. डोळे जडावत होते.

"थकली असेल हो ती," रिद्धी म्हणाली आणि पुढे सरकली.

"रिद्धी, नको."

तिने स्क्रूवर बोटं ठेवली.

"अहो, हात किती गार पडलाय हिचा."

मग तिने स्वतःची शाल काढली आणि यंत्राशेजारच्या रिकाम्या जागेवर अलगद पांघरली.

शाल खाली पडली नाही.