आधीचे

डॉक्टरबाईंनी जन्मभर लोकांच्या दाढा काढल्या आणि जन्मभर एकाच गोष्टीवर त्या चडफडल्या: माणसं सूचना वाचत नाहीत. दाढ काढल्यावर काय करायचं ते छापून हातात द्यावं, तरी संध्याकाळी गाल टम्म फुगवून स्वारी दारात हजर. म्हणून दवाखाना बंद केल्यावर धाकटा भाऊ जेव्हा म्हणाला, की लिनक्स, म्हणजे संगणक चालवणारी प्रणाली, मूळ सोर्स कोडमधून, एकेक तुकडा आपल्या हाताने घडवून उभं करणं हे ताईचं काम नव्हे, तेव्हा बाईंनी एवढंच विचारलं, "त्याच्या सूचना लिहिलेल्या आहेत का?"

होत्या. छापून काढल्या तेव्हा गठ्ठा उशीएवढा झाला.

मागच्या खोलीत टेबल लागलं. कोरी करकरीत डिस्क आली. बाई चष्मा लावून एकेक ओळ वाचायच्या, दोन बोटांनी टंकायच्या आणि काम झालं की त्या ओळीवर खूण करायच्या. आधी एक हत्यार घडवायचं, त्या हत्याराने दुसरं, आणि दुसऱ्याने पुन्हा पहिलंच नव्याने, असा तो कारभार होता. त्यांचे यजमान, मास्तर, बाहेरच्या खोलीत व्हायोलिनची शिकवणी घेत. ते म्हणाले, की हे कोंबडी आधी की अंडं आधी असं झालं. बाई मान वर न करता म्हणाल्या, की ते पुढच्या प्रकरणात आहे.

आठवडे गेले. भाजी करपली, मास्तर स्वतः चहा करायला शिकले. आणि एका रविवारी दुपारी यंत्र आपल्या पायावर उभं राहिलं. काळ्या पडद्यावर नाव विचारणारी ओळ आली. बाईंनी स्वतःसाठी एकच खातं काढलं होतं, 'ताई' नावाचं. त्यांनी नाव दिलं, पासवर्ड दिला, आत गेल्या. मग सूचनांप्रमाणे, सध्या यंत्रावर कोण कोण आहे ते विचारणारी कमांड दिली.

पडद्यावर दोन नावं आली. एक ताई. आणि तिच्या वर दुसरं, अक्षरं रोमन पण शब्द मराठी: आधीचे.

मास्तरांनी खांद्यावरून वाकून वाचलं. भाड्याच्या घरात जुन्या बिऱ्हाडाची पत्रं येत राहतात तसलं काही असेल, असं त्यांना वाटलं. पण डिस्क कोरी होती आणि यंत्राला इंटरनेटची तार अजून जोडलेलीच नव्हती. बाईंनी गठ्ठा पुन्हा पहिल्यापासून चाळला. आधीच्यांबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं.

पुढचे काही दिवस मात्र तक्रारीला जागा उरली नाही. बाईंनी रात्री एखादं अक्षर चुकवलं, की सकाळी ते दुरुस्त झालेलं असे. मास्तर खूश होते. या घरात बायकोच्या चुका काढायची कोणाची छाती झाली याचंच त्यांना कौतुक. बाई मात्र दातात काही अडकल्यासारख्या अस्वस्थ असत.

शेवटी धाकट्याला बोलावलं. तो खुर्चीत बसायच्या आधीच हसायला लागला.

"ताई, तू कुठेतरी पान उलटताना दोन उलटलीस."

हे वाक्य बाईंच्या जिव्हारी लागलं. त्यांनी नवी डिस्क आणली आणि सगळं पुन्हा, त्याच्या देखत बांधलं. मधली पानं गाळू म्हणाला तेव्हा त्याला हात जोडून गप्प बसवलं. काम पुरं झालं. बाईंनी कमांड दिली.

आधीचे. ताई.

आधीचे त्यांच्या अगोदर आत आले होते.

धाकट्याचं हसू मावळलं. ते खातं काढून टाकायची कमांड त्याने स्वतः दिली. यंत्राने नकार दिला: हे खातं प्रक्रिया क्रमांक एक वापरते आहे. त्याने हलक्या आवाजात समजावलं, की यंत्र सुरू झालं की सगळ्यात आधी जागी होते ती ही पहिली प्रक्रिया. बाकी सगळं तीच उठवते.

"म्हणजे घर त्यांच्याच नावावर आहे," मास्तर म्हणाले. "आपण पोटभाडेकरू."

तेवढ्यात शिकवणीची मुलगी आली म्हणून मास्तर बाहेर गेले, आणि खोलीत सूर येऊ लागले. धाकट्याने यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं.

नाव विचारणारी ओळ आली. बाईंनी हात कीबोर्डकडे नेला आणि तिथेच थांबवला.

ओळीवर अक्षरं उमटत होती. एकेक, सावकाश, दोन बोटांनी टंकावीत तशी. आधीचे. मग पासवर्डपुरती शांतता. मग आत.

पहिली कमांड आली: इथे कोण कोण आहे?

उत्तरात दोन नावं. बाई अजून आत गेल्याच नव्हत्या. तरी दुसरं नाव होतं, ताई.

थोडा वेळ काहीच घडलं नाही. पलीकडे कोणीतरी ते नाव पुन्हा पुन्हा वाचत असावं. बाहेर मुलगी एकाच सुरावर अडखळत होती.

मग खातं काढून टाकायची कमांड उमटली. पुढे नाव: ताई.

यंत्राने या वेळी नकार दिला नाही. काम झालं, की असली यंत्रं काही बोलत नाहीत. नुसती रिकामी ओळ आली.

बाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला. काही झालं नव्हतं. हात हाताच्या जागी होते, गठ्ठा टेबलावर होता. त्या धाकट्याकडे वळल्या.

तो खुर्चीवरून अदबीने उठला होता. चेहऱ्यावर घरी आलेल्या परक्या माणसासाठी असतं तसं, जरा संकोचलेलं हसू होतं.

"मास्तरांची शिकवणी अजून चालू आहे," तो म्हणाला. "आपण बाहेर बसता का?"