दुसरी थाप

चाचणीच्या दिवशी सकाळी तिने ट्रक धुवायला काढला. गाद्या पोचवणारा ट्रक तो; कितीही धुवा, कापसाचे तंतू कुठून कुठून निघतच राहतात. मागचे दार तिने दोनदा पुसले. आरशाचा स्क्रूही घट्ट केला. सासूबाई पायरीवर बसून बघत होत्या.

"पुरे गं! परीक्षा तुझी आहे, ट्रकची नाही."

तिला हसू आले नाही. गादी कारखान्याच्या मालकाने महिनाअखेरपर्यंत थांबायचे कबूल केले होते. तोवर परवाना हाती आला नाही, तर माल दुसऱ्याच्या गाडीने जाणार होता, आणि घरात दुसरे कमावते कोणी उरले नव्हते. नवरा जाऊन सहा महिने झाले होते.

तो गेला याच ट्रकखाली. ती तेव्हा शिकत होती. गोदामासमोरच्या उतारावर ट्रक मागे घ्यायचा होता आणि तो मागे उभा राहून इशारे देत होता. इशारे ट्रकवाल्यांचे नेहमीचेच. मागच्या दारावर एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे येऊ दे. त्या दिवशी एक थाप पडली. दुसरी पडेलच असे धरून तिने ब्रेकवरचा पाय काढला.

नंतर विचारील त्याला तिने सांगितले, दोन थापा ऐकू आल्या. पोलिसांनी तसेच लिहून घेतले. सासूबाईंनी पाठीवरून हात फिरवत, "त्याचाच अंदाज चुकला गं," म्हटले, तेव्हा धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे तिला झाले होते. पण खरे काही तोंडातून फुटले नाही. एकदा खोटे बोलले की ते निस्तरताना नाकी नऊ येतात म्हणतात. हे तर कोणी निस्तरायलाही सांगत नव्हते.

परीक्षक साहेबांना मैदानाबाहेर सगळे 'लाल शाई' म्हणत. दहातले आठ जण त्यांच्या हातून तोंड पाडूनच बाहेर येत. ते शेजारी बसले, मांडीवर कागद ठेवला आणि "चला," एवढेच म्हणाले.

पहिले वळण तिने नीट घेतले. क्लच, दुसरा, क्लच, तिसरा. गिअर एकदाही कुरकुरला नाही. दुसऱ्या वळणावर तिने आपल्या बाजूच्या आरशात पाहिले. आरसा खाली झुकला होता. त्यात रस्ता नव्हता, फक्त मागचे चाक होते. नवरा तसाच ठेवायचा. काच खाली करून तिने तो सरळ केला.

पुढच्या वळणावर आरसा पुन्हा खाली.

"आरशाशी खेळू नका, बाई," साहेब म्हणाले. "एकदा लावायचा आणि विसरून जायचा."

"स्क्रू ढिला झाला असेल," ती म्हणाली. स्क्रू तिने सकाळीच आवळला होता.

मैदानाच्या टोकाला सिमेंटचा चढ होता. अर्ध्यावर थांबायचे, पुन्हा निघायचे, आणि वीतभरही मागे घसरायचे नाही. भल्याभल्यांची तिथे भंबेरी उडे. तिने क्लच सावकाश वर आणला, इंजिन दबल्याचे पायाला कळताच हँडब्रेक सोडला. ट्रक तसूभरही मागे गेला नाही. साहेबांचे लाल पेन कागदावर टेकलेच नाही. चार हात पुढे गेल्यावर त्यांनी थांबायला सांगितले.

"आता रिव्हर्सने खाली."

तिने रिव्हर्स टाकला. ब्रेकवरचा पाय उचलणार, तोच मागच्या दारावर थाप पडली.

एक.

तिचा पाय ब्रेकवरच थिजला.

"घ्या ना मागे."

"मागे कोणीतरी आहे, साहेब."

साहेबांनी त्यांच्या बाजूच्या आरशात पाहिले. "कोणी नाही. मैदान रिकामं आहे."

ती कान देऊन बसली. इंजिन धडधडत होते. दुसरी थाप पडली नाही.

"बाई, मी नापास लिहितोय हं."

"लिहा."

तिने गिअर न्यूट्रलला आणला, हँडब्रेक ओढला आणि खाली उतरली.

मागे कोणी नव्हते. ऊन, सिमेंट, तारेचे कुंपण.

सकाळी दोनदा पुसलेल्या दारावर मात्र धुळीचा पंजा उमटला होता. उजवा. अंगठा मुळाशी जरा वाकडा. तो अंगठा तिला पाठ होता. तिने पदराने पंजा पुसला आणि परत येऊन बसली.

साहेबांनी लाल पेन खिशाला लावले.

"शंका आली की उतरून बघायचं," ते म्हणाले. "पहिल्या पानावरचा नियम आहे. अठरा वर्षांत उतरलेल्या तुम्ही पहिल्याच. जाऊ दे ते रिव्हर्स, चढावरून पुढेच उतरवा. पास."

फाटकाशी सासूबाई ताटकळत होत्या. कागद बघून त्यांचे डोळे भरून आले. त्या केबिनमध्ये चढल्या, साडी सावरून बसल्या. समोर भिंत होती. निघायचे तर ट्रक मागेच घ्यायला हवा होता.

तिने रिव्हर्स टाकला.

थाप.

सासूबाईंनीही मान वळवली.

"कोणी नसेल, आई," ती म्हणाली. "निघू या."

सासूबाईंनी गिअरवरच्या तिच्या हातावर आपला हात ठेवला. त्या समोरच्या भिंतीकडे बघत होत्या.

"एकच पडली," त्या म्हणाल्या. "दुसरी पडू दे. या वेळी तरी."