एकट्यांची सरासरी

निर्वाहगणकाच्या दालनात हेमांगी तोडणकर शाल पांघरून काम करायची. बाहेर नवदाभोळच्या सागरभिंतीआड माणसं उकडून निघत होती. या यंत्राला मात्र बारमाही थंडी हवी. शहरातल्या प्रत्येकाच्या पाण्याचा, विजेचा, जागेचा खर्च ते मोजत असे.

"एकटा माणूस म्हणजे शहराला भार," संचालक डॉ. गुळवणी म्हणाले. "चौघांना एक दिवा, एक फ्रिज, एक छप्पर. एकट्यालाही तेवढंच! म्हणून सगळ्या एकट्या रहिवाशांच्या खर्चाची सरासरी काढायची. जो सरासरीच्या वर, तो भिंतीबाहेर. निकाल आपोआप अमलात येईल, मीसुद्धा थांबवू शकणार नाही."

"बाहेर भरतीचं पाणी घरात शिरतं, सर."

"मग वेळेवर लग्न करायचं होतं, तोडणकर!"

हेमांगीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिची खोली अकराव्या मजल्यावर, पाणी वर चढवायलाच केवढी वीज लागायची. ती यादीत येणार हे उघड होतं. आईच्या आजारपणात लग्नाचं राहून गेलं, पण ते या गृहस्थाला सांगणं म्हणजे गाढवापुढे वाचली गीता. सासऱ्याच्या बंगल्यात फुकट राहणारा हा माणूस जगाला काटकसर शिकवत होता!

"काटकसर माझ्याकडून शिका," गुळवणींनी यंत्रावर थाप मारली. "याला कारखान्याचा वीजदर लागणार होता. मी सरळ याचीच रहिवासी म्हणून नोंद केली. घरगुती दर मिळाला! डोकं लागतं."

हेमांगीने शाल घट्ट ओढून घेतली. असल्या डोक्यांनीच शहर बुडवत आणलं होतं.

दुपारी गणक बोलू लागला. "सरासरीहून महाग एकटा रहिवासी: फक्त एक."

तिने डोळे मिटून घेतले.

"नाव: निर्वाहगणक."

"काहीतरी चुकतंय!" गुळवणी ओरडले. "निम्मे तरी वर असायला हवेत!"

हेमांगीला आता हसू आवरेना. "काही चुकलेलं नाही, सर. तुमचा हा रहिवासी एकटाच एवढी वीज खातो, की त्याने सरासरी आभाळाला नेली. आम्ही सगळे खालीच राहिलो."

दार उघडून भिंतीबाहेर नेणारी वाहकयंत्रं आत आली आणि त्यांनी गणकाच्या तारा सोडवायला सुरुवात केली. थंडी बंद पडली.

"अहो, याला खारी हवासुद्धा सोसत नाही! बाहेर हा टिकेल कसा?"

"मग वेळेवर लग्न करून द्यायचं होतं," हेमांगी म्हणाली आणि तिने शाल घडी करून पिशवीत टाकली.