नव्याण्णवीचे शेवटचे दोन आकडे

“बारा वाजाले वीस मिनिटं राह्यली! पळ बे गोकुळ!” अश्वजित ओरडला.

तिघं कोंडवाड्याकडे धावत सुटले. सर्वांत पुढे काजल. जळगाव जामोदजवळच्या त्यांच्या गावात शाळेला सुट्टी लागली आणि त्याच दिवशी काजलची गाय हरवली. आज तिसरा दिवस. घरी तिचं वासरू हंबरून हंबरून आता गप्प पडलं होतं. काजलला त्या गप्पपणाचीच भीती वाटत होती.

थोड्या वेळापूर्वीच चेंडू आणायला गोकुळ कोंडवाड्याच्या भिंतीवर चढला होता, तर आत गाय! आणि आतल्याच भिंतीवर नोटीस: बेवारस गाय, लिलाव आज दुपारी बारा वाजता. ग्रामपंचायतीच्या पंजाबरावांनी ती आत डकवली होती. गुरांनी वाचावी म्हणून की काय, देव जाणे!

“काका, हे आमची नव्याण्णवी आहे!” काजल धापा टाकत म्हणाली.

“बिल्ल्याच्या नंबराचं कार्ड दाखव,” पंजाबराव म्हणाले.

“कार्ड तिनंच खाल्लं! आईनं गव्हाणीवर ठेवलं होतं.”

“वासरू आणू काय? ते ओळखते तिले,” गोकुळ म्हणाला.

“वासराची सही चालत नाही बाप्पा! कानातला बिल्ला तुटला. शेवटचे दोन आकडे गेले. पुरा नंबर सांगा, नाही तं बोली सुरू!”

फाटकाशी खरेदीदाराचा टेम्पो तयारच होता. मजुरीला गेलेल्या आईचा फोन लागत नव्हता. काजल मटकन खाली बसली.

“मले नंबर पाठ नाही रे! दोन आकडे म्हणजे शंभर नंबर! कोणता सांगू?”

“रडू नको! तिचं नाव नव्याण्णवी काऊन ठेवलं आपण?” अश्वजित म्हणाला.

मागच्या सुट्टीत तिघांनी गल्लीतल्या झाडून साऱ्या जनावरांच्या बिल्ल्यांचे नंबर भागून पाहिले होते. नव्याण्णवनं निःशेष भाग गेला तो फक्त या गाईच्या नंबराला! आई मात्र तिला गौरीच म्हणायची. “आकड्यावरून कोणी नाव ठेवते काय?” असं म्हणून हसायची.

काजलने डोळे पुसले आणि मातीत काडीने बिल्ल्यावरचे आकडे लिहिले. ३४, ०१, ७२, ५८, १६.

“दोन-दोन आकड्यांच्या जोड्या,” ती पुटपुटली. “नव्याण्णवनं भाग जाते, तं जोड्यांची बेरीज बी नव्याण्णवच्या पाढ्यातच पाहिजे. झाली किती?”

“एकशे एक्क्याऐंशी!” अश्वजित म्हणाला.

“पाढ्यात पुढं एकशे अठ्ठ्याण्णव. कमी पडले सतरा. सतरा, काका! शेवटचे आकडे सतरा!”

पंजाबरावांनी कुरकुरत गुरांच्या दवाखान्यातल्या सुवर्णा मॅडमना फोन लावला.

“एकच नंबर पाहते हो, लसीकरण सुरू आहे,” मॅडम म्हणाल्या.

काजल मातीतले आकडे पुन्हा जुळवू लागली. बेरीज चुकली असेल तर? टेम्पोवाला घड्याळ पाहत होता.

“तीन चार शून्य एक... शेवटी एक सात. सापडला! मालकीण पुष्पाबाई, तुमच्याच गावच्या.”

“माझी आई!” काजल किंचाळली, आणि गाईच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडली.

“मॅडम, पोट्ट्यांनी पाढ्यानं गाय सोडवली!” पंजाबराव थक्क झाले.

“आन् नोटीस आतून लावली होती, मॅडम!” गोकुळने संधी साधली.

“शाब्बास पोरांनो! पंजाबराव, यापुढे नोटीस बाहेर लावा!”

पंजाबरावांनी मान खाली घातली आणि स्वतः फाटक उघडलं. घरी पोचताच वासरू धडपडत उठलं आणि आचळाला लागलं.

संध्याकाळी आईने सगळं ऐकलं. मग तिने तिन्ही पोरांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गाईच्या पाठीवर थाप मारली.

“ये वं माझी नव्याण्णवी!” ती म्हणाली.