सालिम गव्वासचे डोळे

पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत माती मळणारे पुष्कळ, साचे भरणारे पुष्कळ, रंग मारणारे तर वाटेल तेवढे. पण डोळे आखणारा असतो एखादाच, आणि त्याचा तोरा सगळ्यांना सांभाळावा लागतो. दाजींच्या कारखान्यात हा मान गुणाजीचा होता. बाकी रंगकाम उरकलं की मूर्ती त्याच्यापुढे यायची. आधी भुवई, मग पापणी, मग बुबुळ आणि सगळ्यात शेवटी बुबुळातला पांढरा ठिपका. ठिपका पडला की मूर्ती बघायला लागली असं धरायचं. त्यानंतर त्या डोळ्यांना हात लावायचा नाही, चुकलं तरी पुसायचं नाही, अशी तिथली रीत होती. गुणाजीचं चुकतच नसे, त्यामुळे रीत मोडायची वेळ कधी आली नव्हती.

त्या साली मात्र तो आतून धास्तावलेला होता. आणीबाणी उठून चार-पाच वर्षं झाली असतील. गुणाजीच्या दोन्ही डोळ्यांपुढे धुकं साचायला लागलं होतं. गुपचूप अलिबागला जाऊन डॉक्टरला दाखवलं, तर तो म्हणाला, नस सुकत चालली आहे, ऑपरेशनचा उपयोग नाही. हे त्याने बायकोलाही सांगितलं नाही. हाताच्या सवयीवर तो काम रेटत होता. डोळे गेले की आपण कुणाचे कुणी नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. कुंचल्याशिवाय त्याला दुसरं काही येतच नव्हतं.

अशात ऐन हंगामात रोह्याचे कासमभाई कारखान्यात आले. बहरीनला नोकरीला, दोन महिन्यांच्या रजेवर. एका हातात मोठा टेपरेकॉर्डर, दुसऱ्या हातात एक फोटो. तिकडच्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्या मंडळींचा एक क्लब होता आणि त्यांना त्यांच्या गेलेल्या उस्तादाचा छातीपर्यंतचा पुतळा हवा होता.

"घडण तुमच्यासारखी कुणाची नाय, म्हणून हिकडं आलो," कासमभाई दाजींना म्हणाले. "फक्त एक करा. डोळे आखू नका, कोरे ठेवा. माणूस लहानपणापासून आंधळा."

मग चहा होईस्तोवर त्यांनी त्या माणसाची हकिगत सांगितली. सालिम गव्वास त्याचं नाव. बाप समुद्रात बुडी मारून मोती काढणारा. पाळण्यात असतानाच देवीच्या रोगाने पोराचे डोळे नेले. बाप त्याला होडीवर घेऊन जायचा, आणि दोर ओढताना खलाशी जे गायचे ते ऐकून ऐकून पोरगा गायला लागला. पुढे मोत्यांचा धंदा बसला. आपल्याकडे स्वातंत्र्य आलं त्याच्या पुढच्या साली सालिम खजुराच्या गलबतातून मुंबईला उतरला, काखेत ऊद घेऊन. ऊद म्हणजे फुगीर पोटाचं, आखूड गळ्याचं तंतुवाद्य. तेव्हा अरबी गाण्यांच्या तबकड्या मुंबईत निघायच्या. त्याने स्वतः चाली बांधल्या, स्वतः गायल्या, आणि त्या तबकड्या बसऱ्यापासून मस्कतपर्यंत घरोघर वाजल्या.

"माझे अब्बा, आदमभाई, मुंबईत त्याचा सैपाक करायचे. नंतर हात धरून फिरवायचे. उस्ताद दिवसभर विचारायचा, आदम, काय दिसतंय? अब्बा सांगायचे. बाई कपडे वाळत घालतेय, कावळा भिजलाय, जे असेल ते. रात्री त्याचंच गाणं व्हायचं. लोक म्हणायचे, अरे, आंधळ्याला हे दिसतं कसं? तो म्हणायचा, माझे डोळे आदमकडे हायेत."

कासमभाईंनी टेप लावला. आवाज जाड होता, थोडा घोगरा, आणि एकेका सुरावर असा रेंगाळायचा की साचे भरणारी माणसंही हात थांबवून ऐकत राहिली. गुणाजीला शब्द एक कळला नाही, पण उगाच भरून आलं.

"अब्बांना आता अर्धांग झालंय," कासमभाई म्हणाले. "ह्या आवाजावर जगतायत. सांजचं एक गाणं लागल्याबिगर घास गिळत नाय."

पुतळा छान उतरला. पेणच्या साच्यात डोळ्याच्या जागी नुसता गुळगुळीत फुगवटा असतो. डोळा काय तो रंगाने उमटतो. अंगाच्या रंगात रंगवलेला तो बिनडोळ्यांचा चेहरा फळीवर गणपतींच्या ओळीत उभा राहिला आणि कारखान्यातल्या बायकांना नकोसा झाला. मालू म्हणाली, "ह्याला भिंतीकडं तोंड करून ठेवा गो बायांनो, माझ्यानं जेववत नाय." कोऱ्या डोळ्यांनी कारखान्याबाहेर गेलेली एकही मूर्ती कुणाच्या आठवणीत नव्हती.

गुणाजीने मनाशी ठरवलं, आपण निदान मिटलेली पापणी दाखवू. झोपल्यासारखा दिसेल, मग कुणाला भ्या वाटणार नाही. दुपारच्या जेवणाला सगळे पांगल्यावर त्याने पुतळा पुढ्यात घेतला आणि पापणीची एक रेघ ओढली.

पण उभ्या आयुष्यात त्याचा हात एका रेघेवर कधी थांबला नव्हता. दुसरी रेघ आली. मधली पांढरी जागा भरली गेली, तपकिरी बुबुळ आलं. आपण काय करतोय हे ध्यानात आलं तेव्हा दोन्ही ठिपके पडलेले होते.

गुणाजीने जीभ चावली. पुसायचं तर रीत आडवी येत होती. आणि खरं सांगायचं तर डोळे इतके सुरेख उतरले होते की त्याचं मनच होईना.

मग त्याच्या लक्षात आलं, की ते सुरेख आहेत हे त्याला *दिसत* होतं. पापणीचा केस न् केस दिसत होता. त्याने मान वर केली. पलीकडच्या कौलांवरचं शेवाळ दिसलं, रस्त्यापारच्या पाटीवरची अक्षरं दिसली. धुकं कुठल्या कुठे गेलं होतं. घरी जाऊन त्याने बायकोला, हौसाला, सुईत दोरा ओवून दिला, तर ती बघतच राहिली. त्या आनंदात त्याने पुतळ्याचे डोळे पेंढ्याखाली झाकले, खोका बांधला आणि दाजींना सांगितलं, "तयार हाय."

आठ-दहा दिवसांनी कासमभाई परत आले ते तोंड उतरवून.

"डोळे कुणी आखले?"

गुणाजीने हातातला कुंचला खाली ठेवला. दाजी संतापून त्याच्याकडे वळले, पण कासमभाईंनी त्यांना हाताने थांबवलं. टेपरेकॉर्डर फळीवर ठेवून त्यांनी बटण दाबलं. तीच कॅसेट होती. ऊद वाजत होता, ताल धरणाऱ्या टाळ्या होत्या. गाणं जिथे सुरू व्हायचं तिथे फक्त ऊद वाजत राहिला.

"सगळ्या कॅसेटी अश्याच झाल्यात. तबकडीसुदीक. मुंबईला मामूच्या घरी हाय, ती पण." कासमभाईंचा आवाज खाली आला. "अब्बांनी अन्न सोडलंय. पुतळा बघितला त्यांनी. म्हणतात, त्याला आता दिसतंय, माझी गरज उरली नाय. गायची पण उरली नाय. गुणाजीभाऊ, ते डोळे पुसा. मी ब्रश लावून काय वाकडं करीन, तुम्हीच चला."

गुणाजी एस्टीने रोह्याला निघाला. खिशात टर्पेंटाइनची बाटली आणि मऊ फडका. गडब मागे पडलं, नागोठणं गेलं. शेतं पोपटी झाली होती आणि भाताची पाती न् पाती त्याला वेगळी दिसत होती. कोलाडला गाडी वळली तेव्हा त्याने खिशातली बाटली चाचपली. डोळे पुसले तर काय होणार, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. मिळालेलं परत करायचं होतं. नाही केलं तर एक म्हातारा जाणार होता. एवढा सरळ हिशोब, आणि तरी त्याला तो सुटेना.

घरात पुतळा ठेवणं धर्मात बसत नाही म्हणून कासमभाईंनी तो मागच्या पडवीत कापडाखाली ठेवला होता. आतल्या खाटेवर आदमभाई पडलेले, गालफडं बसलेली. त्यांनी गुणाजीकडे पाहिलं आणि पुन्हा भिंतीकडे तोंड केलं.

पडवीत गुणाजी एकटाच गेला. कापड काढलं. पुतळा त्याच्याकडे बघत होता. त्यात राग नव्हता. पहिल्यांदाच काही बघणाऱ्या माणसाची हावरी, न हलणारी नजर होती. गुणाजीने फडका भिजवला आणि पुतळ्याचा डावा डोळा पुसला.

त्याच क्षणी त्याचा स्वतःचा डावा डोळा विझला. दुखलं नाही, खुपलं नाही. फक्त डावीकडचं जग नाहीसं झालं.

फडका हातात धरून तो उभा राहिला. उजव्या डोळ्याने त्याला कुंपणावरचा मुंगळा दिसत होता. आतून एकदम गाण्याचा आवाज आला, जाड, घोगरा, आणि पाठोपाठ कासमभाईंचं मोठ्यांदा रडणं. आवाज आला होता ना? म्हातारा जगणार होता ना? मग दुसरा डोळा कशाला? गुणाजीने घाईघाईने कापड ओढलं, गाठ मारली आणि बाहेर येऊन म्हणाला, "झालं." कुणी कापड उचलून बघितलं नाही.

त्याला लाज वाटली. पण एका डोळ्याने त्याने हंगाम झकास काढला, आणि लाज हळूहळू कमी झाली.

गणपती विसर्जन झाल्यावर तो म्हाताऱ्याची खबर घ्यायला पुन्हा रोह्याला गेला. आदमभाई ओटीवर उशांना टेकून बसले होते. अंगावर मांस धरलं होतं, हातात पेजेची वाटी होती. पुतळा आधीच्याच आठवड्यात मुंबईहून बोटीने रवाना झाला होता. शेजारी टेप चालू होता.

"बसा, भाऊ," कासमभाई म्हणाले. ते खुशीत दिसत नव्हते. "आवाज आला, पण गाणी ती नायत. अब्बा म्हणतात, ही त्याने कधी बांधलीच नव्हती. रोज नवी. कॅसेट तीच."

"काय म्हणतो गाण्यात?"

कासमभाई थोडे घुटमळले. "काल होतं, एक बाई चुलीपुढे बसलीय. कोपरावर भाजल्याचा जुना डाग हाय, तो पदराखाली झाकते."

तो डाग हौसाच्या कोपरावर होता. रोह्यात कुणी हौसाला पाहिलेलं नव्हतं.

"आणि आज?"

टेपमधला आवाज एका सुरावर रेंगाळला, मग पुढे सरकला. कासमभाई कान देऊन ऐकू लागले आणि एकेक शब्द मराठीत सांगू लागले.

"ओटी शेणाने सारवलीय... म्हातारा पेज पितोय... दाढीला पेज लागलीय."

आदमभाईंनी दाढी पुसली.

"आता पुसली, म्हणतो." कासमभाईंचा चेहरा पांढरा पडला. "म्हणतो, आदम, तू किती म्हातारा झालास."

म्हातारा हसला. डोळ्यांत पाणी आणून, लहान मुलासारखा हसला. तो गुणाजीच्या तोंडाकडे बघत होता, पण गुणाजीकडे नाही. बरोबर त्याच्या डाव्या डोळ्यात बघत होता.

गुणाजीने तळहात उचलला आणि तो विझलेला डोळा घट्ट झाकला.

आवाज अर्ध्या शब्दावर थांबला. ऊद तेवढा वाजत राहिला.

आदमभाईंनी वाटी खाली ठेवली. "हात काढा, भाऊ," ते अगदी मायेने म्हणाले. "बघू द्या त्याला."